सावळेराम प्रॉम्प्टर आणि किल्लेदाराचं लांबलेलं मरण

सावळेराम चासकरांना रंगमंचावर कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा आवाज ऐकला नाही असा माणूस महाळुंगे पडवळपासून अवसरी खुर्दपर्यंत शोधून सापडला नसता. पिंपळओहोळ गावच्या काळोबा हौशी नाट्यमंडळाचे ते प्रॉम्प्टर. विंगेत दुधाचा कॅन पालथा घालून त्यावर बसायचं, नाटकाचं बाड गुडघ्यावर ठेवायचं आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणायचं, हे त्यांचं काम. आपण कुजबुजतो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ती कुजबूज ओढ्यापलीकडच्या म्हशी कान टवकारून ऐकत. त्यामुळे पिंपळओहोळात नाटक दोनदा ऐकू यायचं, आधी सावळेरामतात्यांच्या तोंडून घाईनं आणि मग नटाच्या तोंडून थाटात. गावाला याची इतकी सवय झाली होती की मंचरला जाऊन कुणी शहरातलं नाटक बघून आला की तक्रार करायचा, "बरं व्हतं, पण एकदाच ऐकू आलं राव."

याला कारण मंडळाची जुनी रीत. इथं पाठांतर कुणीच करत नसे. गाईंच्या धारा काढायच्या, कांद्याला पाणी द्यायचं, टोमॅटोचे क्रेट बाजारात पोचवायचे आणि वर पाठांतर? ते करायला तात्या होते की. नटानं कान विंगेकडं ठेवायचा, तोंड लोकांकडं करायचं आणि विंगेतून जे येईल ते बोलायचं. एका वर्षी तात्यांना ठसका लागला, तर रंगमंचावरचा फितूर सरदारही तेवढाच खोकला, आणि त्याचं ऐकून त्याचे दोन शिपाईही खोकले. लोकांना वाटलं, विषप्रयोग झाला. टाळ्या पडल्या.

तात्या विंगेत गेले तेही एका फजितीमुळंच. तरुणपणी त्यांना एका वाक्याची भूमिका मिळाली होती. धावत यायचं आणि म्हणायचं, "महाराज, घात झाला!" बैलांमागं चालताना, विहिरीवर, जेवताना त्यांनी ते वाक्य इतकं घोकलं की घरातली लहान पोरंही उठताबसता घात झाल्याचं सांगू लागली. प्रत्यक्ष वेळेला तात्या धावत आले, समोरची गर्दी बघितली आणि जीभ टाळूला चिकटली. महाराज वाट बघून थकले. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय रे, घात झाला का?" तात्यांनी मान डोलावली. नाटकं लिहिणाऱ्या मास्तरांनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि बाड हातात देऊन बसवलं. कुणाला आपण दिसत नाही असं कळल्याबरोबर त्याच घशातून असा काही आवाज निघाला की मास्तर स्वतःच दचकले. ते बाड पुन्हा तात्यांच्या हातून सुटलं नाही.

शेती हा तात्यांचा मुख्य व्यवसाय, दूध हा जोडधंदा आणि काळजी हे पूर्णवेळ काम. पाऊस पडला तर पिकाची काळजी, नाही पडला तर ठरलेलीच, आणि बेताचा पडला तर आता पुढं काय होणार याची. बेल्ह्याहून कुशाबाईचे वडील स्थळ बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "नाटकात काम करता म्हणं?"

"करतो."

"कशाचं?"

"आत बसतो."

"म्हंजी दिसत न्हाई?"

"दिसलो तर चुकलो."

सासऱ्यांनी विचार केला, इतका लपून राहणारा जावई कुणाच्या नादाला लागायचा नाही, आणि मुलगी दिली. संसार चांगला झाला. एवढंच की घरी पाहुणे आले की तात्या त्यांचीही वाक्यं आधीच म्हणायचे. "आता तुम्ही म्हणाल, चहा नको," असं ते म्हणत आणि पाहुण्याला चहा नको म्हणावंच लागे. कुशाबाई आतून ओरडायची, "अवो, पावण्यांना त्यांचं त्यांना बोलू द्या की जरा!"

पिंपळओहोळचं नाटक पूर्वी रात्रभर चालायचं. पेट्रोमॅक्सच्या काळापासून तशीच चाल होती. माणसं लांबलांबच्या मळ्यांतून यायची, अपरात्री ओढ्यातून परत जायला नको म्हणून नाटकानंच उजाडेपर्यंत थांबायचं. त्यासाठी मास्तर नाटकात पदं घालायचे, लग्नं घालायचे, एखादं बारसंही घालायचे. तेव्हा राणी मिशा काढलेला एखादा गडी व्हायचा, पुढं नारायणगावहून नट्या आणायची पद्धत पडली, आणि आता अंगणवाडीच्या वैजयंतीबाई स्वतःच राणी होतात आणि प्रयोग चालू असताना समोरच्या पोरांना डोळे वटारून गप्प बसवतात.

मग डिंभे धरणाचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं बिबट्या आला. आधी तो बातमी होता, मग शेजारी झाला. सुरुवातीला लोकांनी त्याच्यावर विनोद केले. वन खात्यानं पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली, बिबट्या पिंजऱ्याला वळसा घालून जायचा आणि शेळी बसल्या जागी खाऊन लठ्ठ झाली, यावर गाव आठवडाभर हसलं. पण खालच्या मळ्यातली कालवड गेली, आणि दिवाळीनंतर शेजारच्या गावात खुरपायला बसलेली बाई गेली. त्यानंतर कुणी हसलं नाही. दिवस कलला की माणसं पोरांना घरात घेऊन कडी घालू लागली.

पौषातली यात्रा तोंडावर आली तेव्हा सरपंच मोहिनीताईंनी मंडळाला देवळात बोलावलं. मोहिनीताई तिशीतल्या, बोलायला सरळ.

"नाटक दुपारी करायचं," त्या म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत पडदा. अंधारात एक जरी माणूस उसाच्या कडंनं चालताना दिसला, तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. कायमचं."

किल्लेदाराचं काम करणारे रखमाजीअण्णा उठून उभे राहिले. सत्तरी उलटली होती, पण उभं राहताना अजूनही कमरेला तलवार असल्यासारखे उभे राहायचे. "सरपंचबाई, दिवसा नाटक? उन्हात तोंडाचा रंग वितळंल."

"अण्णा, रंग वितळला तर पुसता येतो."

यावर बोलले ते एकटे सुभाषचंदशेठ. शेठचं पेठेत कापडाचं दुकान, घराणं पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं, नाटकाचा पडदा कायम त्यांच्या दुकानातला आणि फितूर सरदाराची भूमिकाही त्यांचीच. शेठ जैन, सूर्यास्तानंतर अन्नाचा कण घेत नसत. इतकी वर्षं रात्रभर उपाशीपोटी त्यांनी फितुरी केली होती. त्यांच्या डोळ्यांतली जी क्रूर चमक बघून बाया बोटं मोडायच्या ती निव्वळ भुकेची होती. शेठ गदगदून म्हणाले, "बाईंचं शंभर टक्के बरोबर हाय. दिवस हाय तवर सगळं आटपलंच पायजे. आमच्या धर्मातबी हेच सांगितलंय."

"पण वेळेत संपवायची जबाबदारी कुणाची?" मोहिनीताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तात्यांकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "नाटक तुमच्या तोंडातनं निघतं, तात्या. तुमी पळवलं तर पळतंय."

झालं. त्या दिवसापासून तात्यांना अन्न गोड लागेना. यात्रेचं ठरलेलं नाटक होतं 'चावंडचा किल्लेदार', मास्तरांनी लिहिलेलं, आणि लांबीला कोंबडा आरवेपर्यंत पुरणारं. तात्यांनी पेन्सिल घेऊन काटछाट सुरू केली. पदं गेली, बारसं गेलं, दोन हेर आणि एक साधू गेला. तरी बाड फुगलेलंच. आणि मुख्य अडचण शेवटी होती. किल्लेदाराचं मरण.

किल्लेदार मरताना गडाचा निरोप घेतो. मास्तरांनी लिहिलं तेव्हा तो दरवाजाचा आणि तळ्याचा निरोप घेऊन गप मरत असे. पण रखमाजीअण्णा दरवर्षी तात्यांकडून एखादा निरोप वाढवून लिहून घ्यायचे. आता किल्लेदार बुरुजाचा, तोफेचा, अंबारखान्याचा, घोड्याचा, घोड्याच्या आईचा निरोप घ्यायचा, आणि एका निवडणुकीच्या वर्षी तर त्यानं दूध सोसायटीच्या संचालक मंडळाचा नावानिशी निरोप घेतला होता.

तात्या भीतभीत अण्णांच्या कांद्याच्या वावरात गेले. "अण्णा, मरणाचं जरा बघायला पायजे."

"काय बघायचंय?"

"थोडं आवरतं."

अण्णांनी खुरपं खाली ठेवलं. "सावळ्या, वरीसभर मी खुरपतो, सुनंचं ऐकतो, डाक्टरच्या गोळ्या गिळतो. ह्या एका दिवशी माणसं माझ्याकडं बघून रडत्यात. माझं लगीन काप, लढाई काप, पायजे तर गड काप. मरणाला हात लावायचा न्हाई."

तात्या परत आले. अण्णा ऐकायचे नाहीत, सूर्य थांबायचा नाही, आणि मध्ये आपण. कुशाबाईनं विचारलं, "काय म्हणले अण्णा?" तात्या म्हणाले, "मरायला तयार न्हाईत."

यात्रेच्या दिवशी नाटक सुरू व्हायलाच उशीर झाला. गावच्या प्रथेप्रमाणे आधी सत्कार. देणगीदारांना शाल, मंडपवाल्याला शाल, शाली आणणाऱ्याला शाल. तात्या विंगेत बाड उघडून बसले होते. पडद्याच्या फटीतून त्यांना देवळाच्या शिखराची सावली दिसायची. सत्कार सुरू झाले तेव्हा ती पायरीपाशी होती, आणि संपले तेव्हा पुढच्या रांगेतल्या धापूबाईंच्या मांडीवर पोचली होती. धापूबाई म्हणजे सुभाषचंदशेठच्या पत्नी. मांडीवर शेठचा जेवणाचा डबा धरूनच त्या बसल्या होत्या.

पडदा वर गेला आणि तात्यांनी नाटक पळवायला सुरुवात केली. त्यांनी न विचारता पानं उलटली. नट बिचारे रीतीला धरून जे कानावर पडेल ते बोलत राहिले. किल्लेदार मोहिमेवर निघाला आणि पुढच्याच वाक्यात जिंकून परत आला. वैजयंतीबाईंनी मुलगा झाल्याची गोड बातमी आधी दिली आणि लग्नाला होकार नंतर. त्यांनी चमकून एकदा विंगेकडं पाहिलं, पण तात्यांनी हातानं 'पुढं, पुढं' केलं तशा त्या लाजून आत निघून गेल्या. प्रेक्षकांतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "हल्ली असंच असतंय."

मध्येच उसाकडून कुत्री भुंकली. एकाएकी सगळी गर्दी तिकडं वळून बघू लागली. बायांनी पोरं मांडीवर ओढली. रंगमंचावरचे शिपाईही भाले घेऊन तिकडंच बघत राहिले.  तात्यांना वाटलं, आत्ताच पडदा पाडावा. पण नाटक अर्ध्यावर मोडणं म्हणजे अपशकुन. त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं.

सावली शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि किल्लेदारावर घाव पडला. शेठनी तो मनापासून घातला. अण्णा कोसळले, एका कोपरावर उठले आणि निरोप सुरू झाले. तात्यांनी दरवाजाचं एक वाक्य दिलं आणि सरळ शेवटचं पान काढलं, "मी निघालो, जय काळोबा!"

अण्णांनी ते बोलायलाच नकार दिला. ते पडल्यापडल्या विंगेकडं मान वळवून म्हणाले, "तळं राहिलं. तळं सांग."

तात्यांनी तळं सांगितलं. अण्णांनी तळ्याचा असा निरोप घेतला की मध्ये दोनदा निपचित पडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या ऐकून पुन्हा उठले. "आता बुरूज."

"अण्णा, दिवस चाललाय," तात्या रडकुंडीला येऊन म्हणाले.

"अण्णा, दिवस चाललाय!" बाजूला उभा असलेला शिपाई सवयीनं खणखणीत आवाजात म्हणाला.

इकडं धापूबाईंनी डब्याचं झाकण उघडून शेठना दाखवलं आणि पश्चिमेकडं बोट केलं. सूर्य डोंगरावर टेकायला आला होता. शेठची सहनशक्ती संपली. त्यांनी तलवार उपसली, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि "घे, तुझी सुटका करतो!" असं ओरडून मास्तरांच्या नाटकात नसलेला दुसरा घाव घातला.

"शेठ, एकदा मारलंय न्हवं?" अण्णा खालून गुरगुरले. "गप उभं ऱ्हावा. सावळ्या, बुरूज सांग."

तात्यांनी समोर बघितलं. मागच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. जावं की थांबावं कळत नव्हतं त्यांना. अण्णा अजून मेले नव्हते, आणि किल्लेदार मरायच्या आत उठून जाणं या गावात मयत सोडून जाण्यासारखंच. त्या गर्दीत कुशाबाई होती. गर्दीच्या मागं उसाची कड काळी पडत चालली होती.  आणि तात्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बाड मिटलं आणि तोंडही मिटलं.

"सांग," अण्णा म्हणाले.

तात्या गप्प.

"सावळ्या, सांग की रं."

सगळा मंडप शांत झाला. पिंपळओहोळात नाटक चालू असताना विंगेतून आवाज न येणं हे इतकं नवीन होतं की लोकांना काहीतरी वाईट घडल्यासारखं वाटलं. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. इतक्या वर्षांच्या किल्लेदाराला स्वतःचं एक वाक्य येत नव्हतं. घामानं रंग ओघळला होता आणि त्याखालून एक घाबरलेला म्हातारा विंगेकडं बघत होता. तात्यांना ते बघवेना. त्यांचा हात पुन्हा बाडाकडं गेला. तेवढ्यात अण्णांची नजर त्यांच्यावरून सरकली, गर्दीवरून गेली, आणि मागच्या उसावर जाऊन थांबली. रंगमंच उंचावर होता. तिथून सगळं दिसत होतं.

अण्णा दोन्ही हातांवर जोर देऊन उठून बसले.

"गड्यांनो," ते म्हणाले, आणि हा आवाज किल्लेदाराचा नव्हता, कांद्याच्या वावरातून शेजाऱ्याला हाक मारतात तो होता. "दिवस मावळतोय. बायापोरं मधी घ्या. गडीमाणसं कडंनं चाला. वाटंत कुणी थांबू नका, मागं कुणी ऱ्हाऊ नका. माझी काळजी करू नका, मी मेलोच हाय."

एवढं बोलून ते धाडकन आडवे झाले आणि खरोखरच पुन्हा उठले नाहीत.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक उठले आणि सांगितल्याप्रमाणे निघाले. बायापोरं मधे, गडी कडेनं. पडदा पडतानाच शेठनी मिशी काढून दोन घास तोंडात कोंबले, तेव्हा डोंगरावर सूर्याची बारीक कड अजून शिल्लक होती. मोहिनीताईंनी माइक घेतला. "जो घरी पोचंल त्यानं आपल्या दारातनं मोठ्यानं पोचलो म्हणून हाळी द्यायची. हाळी आली न्हाई तर आमी बॅटऱ्या घेऊन शोधायला निघणार."

खालच्या मळ्याची माणसं एकत्र चालली. अण्णा रंगवलेल्या तोंडानंच उसाच्या बाजूनं चालत होते, हातात लाकडी तलवार, आणि तात्यांशी अबोला. बराच वेळ झाल्यावर एकच वाक्य बोलले, "माझं मरण खाल्लंस, सावळ्या."

 उत्तर दिलं कुशाबाईनं. "अण्णा, खरं सांगू का? दरवर्षी तुमचं मरण चालू झालं की मला झोप लागायची. आज पहिल्यांदा रडले."

अण्णा चालता चालता थांबले. "खरंच?"

"वाटंत थांबायचं न्हाई म्हणालात न्हवं," कुशाबाई म्हणाली, आणि सगळे भराभर पुढं निघाले.

तात्यांचं घर आलं. अण्णांचं घर आणखी पुढं, ओढ्याच्या अंगाला. दोन पुतण्यांना घेऊन ते गेले. कुशाबाईनं कडी घालायला सांगितली, पण तात्या ओट्यावरच उभे राहिले. उजेड आता नावाला उरला होता. वरच्या मळ्यातून हाळी आली, "पोचलोऽऽ!" मग पेठेकडून. मग पलीकडून एका बाईची, मग पोरांची, एकामागून एक. प्रत्येक हाळीला तात्या मान डोलवत होते. ओढ्याकडून मात्र काही येत नव्हतं.

"येतील," कुशाबाई दारातून म्हणाली. "अण्णा काय लगीच बोलणाऱ्यांतले हायेत?"

कुत्री भुंकायला लागली.  एका माणसापायी नाटक जाईल, ही काळजी आता तात्यांच्या मनात उरलीही नव्हती. आपण तोंड मिटलं, रागाच्या भरात म्हातारा भलतीकडं वळला असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. ते ओट्याच्या कडेला आले, ओढ्याकडं तोंड केलं आणि त्यांच्याही नकळत तोंडातून निघालं, "पोचलो. म्हणा अण्णा, पोचलो."



मग ओढ्याकडून अण्णांचा आवाज आला, पल्लेदार, मध्ये दम घेत, शेवटचं अक्षर लांबवत. उसावरून, ओढ्यावरून, देवळापर्यंत गेला असेल. संपायचं नावच घेईना.

"आता तरी आत या," कुशाबाई म्हणाली. "पिठलं गार झालं."

तात्या आत गेले आणि त्यांनी कडी घातली.